शारदेचा टाक

पौष सरत आला तरी आभाळ उघडायचं नाव घेत नव्हतं. कुमुद गच्चीवर उकिडवी बसली आणि तिनं वाळवणातली एक बडी, म्हणजे उडीद-कोहळ्याचा सांडगा, उचलून फोडली. वरून वाळल्यासारखी दिसत होती, पण आत बोट गेलं तर ओल लागली. तिनं ती नाकाशी नेली. आंबूस वास आला.

“कमला, इकडं ये वं. वास घे.”

कमला मागच्या पाऱ्यातली, म्हणजे मागच्या वस्तीतली, अंगानं काटक, छत्तीसगडी बाई. थंडीत ती कुमुदच्या हाताखाली बड्या घालायला यायची. तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

“गे दीदी. ये तो गे. बादर खा डारिस.”

“आभाळानं खाल्लं तं खाल्लं, मेल्यानं ढेकरबी नाई देल्ला.”

दोघी हसल्या आणि हसता हसताच चादरीवरच्या सगळ्या बड्या टोपल्यात भरायला लागल्या. भिजवलेले उडीद, त्यांची सालं धुताना गारठून काळीनिळी पडलेली बोटं, किसून पिळून काढलेले एवढाले कोहळे, फेटून फेटून दंडात आलेले गोळे, सगळं आता गल्लीतल्या गाईंच्या पुढं जायचं होतं. आभाळाचं एक दुखणं आणि उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचं दुसरं. तिकडून येणारी काळी भुकटी रायपूरच्या कडेच्या बीरगांवात गच्च्यांवर उतरायची. म्हणून कुमुद वाळवणावर जुनी मच्छरदाणी ताणायची. मच्छरदाणी मुळात कोणत्या रंगाची होती ते आता तिलाही आठवत नव्हतं.

नवरा गेल्यापासून हेच तिचं पोट होतं. नरेश रोलिंग मिलमध्ये होता. भट्टीपुढं उभं राहून राहून त्याची छाती आतून सुकली आणि तो खोकत खोकत गेला, त्याला तिसरं वर्ष लागलं होतं.

खाली येऊन तिनं नव्या घाण्याची परात पुढं ओढली. पिठात हात घालायच्या आधी तिनं बोट ओलं केलं, उजव्या हातातली अंगठी फिरवत फिरवत काढली आणि गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवून टाकली. त्याच दोऱ्यात शारदेचा टाक होता. करंगळीच्या नखाएवढा सोन्याचा पातळ पत्रा, त्यावर ठोकून काढलेली एक बाई. दोन डोळे, नाकाची रेघ, पदर. शारदा म्हणजे नरेशची पहिली बायको. ती वारली आणि वर्षाच्या आत कुमुद या घरात आली. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे मेलेलीला वाटतं की घर अजून आपलंच आहे, आणि ती त्रास देत नाही. कुमुदनं तो घातला होता. सणाला आधी टाकाला नैवेद्य, मग घरच्यांना. नव्या लुगड्याची घडी आधी टाकाला लावायची, मग अंगाला. नरेश गेला तेव्हा मंगळसूत्र उतरलं, टाक तेवढा राहिला.

तिनं गोळा फेटायला सुरुवात केली तेवढ्यात शारदेची लेक रूपाली दाराशी स्कूटी लावून आत आली. रविवार होता. एरवी ती नव्या रायपूरला एका ऑफिसात कामाला जायची. साखरपुडा ठरल्यापासून पोरीच्या चेहऱ्यावर एक वेगळीच तकाकी आली होती. शहरातल्या तेलीबांध्याकडचा मुलगा, ऋषिकेश नाव. घरचे मूळचे अमरावतीकडचे, शिकलेले, बोलायला गोड.

“मावशी, एक बात करनी थी.”

“कर नं. माह्ये हात गुतले हायेत, कान मोकळे हायेत.”

रूपाली पाटावर बसली. नखांकडं बघत राहिली. तिला मराठी सगळं समजायचं, पण जिभेवर यायचं ते हिंदीच.

“बाबा बोलते थे ना, तुम्हारी अंगूठी में आधा सोना माँ का है?”

कुमुदचा हात पिठात थांबला. “हव. अर्धं तिचं, अर्धं माह्यं.”

“मुझे वो माँ वाला आधा चाहिए. सगाई में पहनना है. माँ का मेरे पास कुछ भी नहीं है ना. फोटो भी नहीं.” मग घाईनं म्हणाली, “तुम्हारा आधा तुम्हारा ही रहेगा. सुनार से अलग करवा लेंगे. मैं किसी का हक नहीं मार रही.”

कमलानं कोहळा किसता किसता वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं.

“हक्काचं काय वं त्यात,” कुमुद म्हणाली. “जाऊ सोनाराकडं.”

रूपाली उठली, मागून येऊन तिनं कुमुदच्या खांद्यावर हनुवटी टेकवली, आणि पीठ लागू नये म्हणून लगेच बाजूला झाली.

•

ती अंगठी कशी झाली हे कुमुदला पाठ होतं. लग्न ठरलं तेव्हा ती वर्ध्याकडं आर्वीला बापाच्या घरी होती. तिची आई लवकर गेलेली. आईच्या मागं उरल्या होत्या फक्त कानातल्या कुड्या. त्यांचं सोनं लालसर होतं. लहानपणी कुमुद आईच्या कानाला हात लावून म्हणायची, तुया कानाले मिरची लागली. बापानं त्या कुड्या विड्याच्या पानात गुंडाळून नरेशच्या हातात दिल्या आणि म्हणाला, माह्या पोरीच्या बोटात काहीतरी घाला, जावईबापू, रिकामं नका नेऊ. नरेशनं साखरपुड्याला अंगठी आणली. बापासमोर, सगळ्यांसमोर म्हणाला, पहिलीची अंगठी अन् तुमच्या कुड्या, दोन्ही एकात वितळवल्या. अर्धं तिचं, अर्धं हिचं.

कुमुदला तेव्हा कसंसंच झालं होतं. मेलेल्या बाईशी बोट वाटून घ्यायचं. पण मग तिला त्यातच एक समाधान सापडलं. या घरात भांडी पहिलीची, खाट पहिलीची, लेक पहिलीची. लेक तर पाळण्यातून नुकती उतरलेली होती. कुमुदनं तिला पहिल्यांदा उचललं तेव्हा नरेशची बहीण विनोदिनी म्हणाली होती, “मावशी म्हण बाळा. आई नाई म्हणायचं, मावशी.” आणि ते तसंच राहिलं. गोवरात कुमुद तिच्या उशाशी बसली, शाळेच्या रांगेत उभी राहिली, पहिल्यांदा विटाळशी झाली तेव्हा पोट शेकून दिलं, सगळं मावशी म्हणूनच. तिची स्वतःची कूस उजवली नाही. अंगठीचं अर्धं तेवढं तिचं होतं. तिच्या मायचं, तिच्या बापानं पानात बांधून दिलेलं.

म्हणून रूपालीनं मागितलं तेव्हा तिच्या मनात आलं ते वेगळंच होतं. सोनार सांगू दे कुणाचं किती. मग आपण म्हणायचं, हे अर्धं तुया मायचं, तुयंच हाय. अन् हे अर्धं माह्यं, ते मी तुले देतो. दोन्हीची मिळून एकच कर अन् घाल. एवढंच वाक्य होतं. ते ती आठवडाभर मनात घोळवत होती. उडीद धुताना, कोहळा चिरताना, गोळा पाण्यात टाकून तरंगतो का ते बघताना. आयुष्यात पोरीला पुष्कळ केलं, पण ज्याच्याकडं बोट दाखवून माझं म्हणावं असं काही दिलं नव्हतं. आता देणार होती.

विनोदिनीनं फोनवर सांगून ठेवलं होतं, की साखरपुड्याला ओटी भरायला, औक्षणाला ती स्वतः उभी राहील, विधवा बाईनं पुढं यायला नको. “तू वाईट वाटून घेऊ नको कुमुद. रीत हाय.” कुमुद म्हणाली होती, “मले काहून वाईट वाटन बाई? मले बड्या पडल्या हायेत घालायच्या.” पण मनात म्हणाली होती, औक्षण तुम्ही करा. मी देईन ते माझं असेल.

•

रूपाली आधी तिला तेलीबांध्याच्या एका मोठ्या दुकानात घेऊन गेली. काचेची दारं, आत गारेगार. कुमुदनं चप्पल बाहेर काढली आणि रखवालदार म्हणाला, “अम्मा, पहन के आओ, पहन के.” काउंटरवरच्या मुलीनं दोऱ्यातली अंगठी तशीच मशीनमध्ये ठेवली, आकडा वाचून दाखवला. रूपालीनं विचारलं, यातलं कुणाचं किती ते कळेल का. मुलगी आधी समजलीच नाही. समजल्यावर हसू दाबून म्हणाली, “दीदी, मशीन कैरेट बताती है, खानदान थोड़ी बताती है.” शेजारची मुलगीही हसली. रूपालीचे कान लाल झाले.

बाहेर आल्यावर कुमुद म्हणाली, “तात्यापाऱ्यात अच्युतराव सोनार हायेत. आपल्याकडलेच हायेत. त्यांच्याकडं चाल.”

अच्युतरावांचं दुकान म्हणजे जुन्या घराच्या ओसरीला काढलेली खोली. पायरी इतकी उंच की कुमुदला गुडघ्यावर हात टेकून चढावं लागलं. म्हातारा गादीवर मांडी घालून बसला होता, कपाळावर चष्मा, नाकावर दुसरा चष्मा.

“या. बसा. लगीन कोणाचं? हिचं? तोंडावरच दिसून राहिलं.”

रूपाली लाजली. कुमुदनं गळ्यातला दोरा काढला, गाठ सोडायला गेली तर बोटांच्या सांध्यांना ती सुटेना. शेवटी अच्युतरावांनीच चिमट्यानं गाठ सोडली आणि अंगठी आणि टाक, दोन्ही तिनं लाल फडक्यावर ठेवलं. मग सांगितलं काय हवं ते.

अच्युतराव तिच्याकडं बघत राहिले. “ताई, दोन घरचं दूध एका भांड्यात ओतल्यावर कोणत्या गाईचं कोणतं, सांगता येते का? वितळलेलं सोनं तसंच असते. नाई होत वेगळं.”

“वजनानं तं सांगाल? अर्धं अर्धं?”

“वजनानं काय, मी डोळे मिटून अर्धं करून देतो.” ते बोलत बोलत अंगठी भिंगाखाली फिरवत होते. मग बोलायचे थांबले. अंगठी उलटी केली, आतून पाहिली. खिडकीकडं सरकले. “थांबा बरं.”

त्यांनी काळा गुळगुळीत दगड पुढं घेतला आणि अंगठीची वरची बाजू त्यावर घासली. पिवळी रेघ उमटली. मग अंगठी फिरवून खालची, तळव्याकडची बाजू घासली. दुसरी रेघ उमटली. पहिलीसारखी नव्हती, किंचित तांबूस होती.

“हे दोन सोनं एकात वितळलेलंच नाई,” अच्युतराव म्हणाले. “वितळलं असतं तं सगळीकडं एकच रेघ आली असती. ही अख्खी अंगठी एका सोन्याची हाय. मागून कधीतरी कापली, अन् हा एवढा तुकडा घालून मोठी केली. हे पाहा सांधे, इथं एक अन् इथं एक.”

कुमुद वाकली. तिला भिंगातून काहीच दिसलं नाही, नुसता पिवळा धूसर उजेड.

“म्हणजे अर्धं...”

“अर्धं कुठलं ताई? तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा हाय. पहिली अंगठी बारीक बोटाची होती. तुमच्या बोटाले बसेना म्हणून वाढवली.”

आपल्या बोटांकडं कुमुदचं लक्ष गेलं. जाड, सांध्यांवर सुजलेली, नखांच्या कडेला उडदाचं पांढरं पीठ अडकलेलं. साखरपुड्याच्या दिवशी नरेशनं अंगठी घालताना म्हटलं होतं, बराबर बसली. मापाची बसली.

रूपालीला समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं दोन्ही हात तोंडावर नेले. “मतलब पूरी माँ की है? मावशी, पूरी! आधी नहीं, पूरी अंगूठी माँ की है!” तिनं अंगठी उचलून बोटात घातली, ती सैल होऊन फिरली.

“तुकडा काढला की बसन,” अच्युतराव म्हणाले. “बोट मायवर गेलेलं दिसते.”

पोरीचे डोळे भरून वाहायला लागले. तिनं कुमुदचा हात घट्ट धरला, मग एकदम सोडला. “तुमको बुरा तो नहीं लगा?”

“नाई वं. मले काहून वाईट वाटन? तुया मायचं तुले भेटलं.”

कुमुदच्या तोंडात ते वाक्य तसंच होतं. त्यातलं ‘हे अर्धं माह्यं’ गळून पडलं होतं, आणि उरलेल्याला काही अर्थ राहिला नव्हता. तिला तहान लागली. भिंतीशी माठ होता, पण उठून पाणी मागायचं तिला सुचलं नाही.

“मैं ऋषि को बताती हूँ,” म्हणून रूपाली फोन घेऊन पायऱ्या उतरली. गल्लीतून तिचा आवाज येत राहिला, रडता रडता हसल्यासारखा.

अच्युतरावांनी टाक उचलला. त्याची कडी झिजून दोऱ्याएवढी बारीक झाली होती. “ही कडी तुटन आता,” ते म्हणाले, आणि सवयीनं टाकाची कड दगडावर ओढली. तिसरी रेघ उमटली. त्यांनी दगड उजेडात धरला, एक चष्मा काढून दुसरा लावला.

“हे घ्या. हा टाक त्या तुकड्याचा सख्खा भाऊ हाय. सोनं एकच. लाल. असं लाल सोनं आता कोणी करत नाई, पहिले वर्ध्याकडचे सोनार करत. कोणाचं हो हे?”

कुमुदनं दगड पाहिला. काळ्या दगडावर एक पिवळी आणि दोन तांबूस रेघा. हे तिला भिंगाशिवाय दिसत होतं. तिला आईचा कान दिसला. भाकरी थापताना हलणारी ती लालसर कुडी, चुलीच्या उजेडात.

हळूहळू सगळं जागेवर बसलं. टाकाशिवाय लग्न होऊ देणार नाही, हे विनोदिनीनं बजावलं होतं. घरात सोनं नव्हतं. शारदेची अंगठी वितळवायला नरेशचा हात धजला नसेल. मग त्यानं पानातल्या कुड्या उघडल्या. त्यांचा टाक केला. कापून उरलेला तुकडा अंगठीत घातला. आणि एका माणसाला दोन बायांमध्ये जेवढं खरं सांगता येतं तेवढं सांगितलं.

म्हणजे बोटात सगळा काळ शारदा होती. आणि गळ्यात जिला नैवेद्य दाखवला, जिच्यापुढं नव्या लुगड्याची घडी आधी ठेवली, ती तिच्याच मायची कुडी होती.

“ताई,” अच्युतराव खालच्या आवाजात म्हणाले, “हे पोरीच्या मायचं सोनं नाई. तुमच्या माहेरचं हाय का?”

कुमुदनं मान हलवली.

“सांगू का तिले?”

ती उत्तर देणार तोच रूपाली पायरी चढून आली. तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि फडक्यावरचा टाक उचलून तळहातावर घेतला. बोटाच्या टोकानं त्या ठोकलेल्या चेहऱ्यावरून, डोळ्यांवरून, नाकाच्या रेघेवरून ती हात फिरवत राहिली. ज्या सोनारानं तो चेहरा ठोकला त्यानं शारदेला कधी पाहिलंही नसेल.

“मावशी, एक और चीज माँगूँ? नाराज मत होना.” ती वर न बघता बोलत होती. “बचपन में मैं तुम्हारी गोदी में सोती थी ना, तो ये मेरे गाल पे लगता था. ठंडा ठंडा. मैं सोचती थी, माँ है. अंगूठी तो ठीक है, पर चेहरा तो इसी में है. ये मुझे दोगी?”

अच्युतरावांनी चिमटा उचलला आणि परत ठेवला.

हीच वेळ होती. पाठ केलेलं वाक्य आता पुरतं जमलं असतं, आधीपेक्षाही चांगलं. हे माह्यं हाय. हे मी तुले देतो. कुमुदच्या जिभेवर ते आलं, दातांपर्यंत आलं. मग तिनं पोरीचा तळहात पाहिला. पोरीनं तो वाटीसारखा केला होता, आत पाखरू असल्यासारखा. तिनं आपलं म्हटलं असतं तर तळहातात नुसता पत्रा उरला असता.

“घे,” कुमुद म्हणाली. “तुया मायचाच हाय. मी नुसता सांभाळला.”

रूपालीनं टाक डोळ्यांना लावला.

अच्युतरावांनी अंगठीसाठी हात पुढं केला. “अंगठीतला तुकडा काढतो. त्याचं काय करू?”

“वो मावशी का है,” रूपाली पटकन म्हणाली, मनापासून म्हणाली. “उनको दे दीजिए. इनका जितना है, इनको मिलना चाहिए.”

“मी काय करू त्या दाण्याचं?” कुमुद म्हणाली. “टाकाची कडी तुटाले आली हाय. कडीले लावून टाका.”

म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. मग फुंकणी ओढत म्हणाला, “चांगलं बसन. एकाच सोन्याचं हाय. सांधा दिसणार नाई.”

दिवा पेटला. करवतीची बारीक किरकिर झाली, आणि कुमुदच्या बोटाचं जास्तीचं माप कागदावर पडलं. निळी ज्योत त्याच्यावर वाकली तशी कुमुदनं तोंड फिरवलं आणि गल्लीतल्या उन्हाकडं पाहिलं. किती दिवसांनी ऊन पडलं होतं. तिला वाटलं, गच्चीवर आज काहीच नाही. ऊन वाया गेलं.

•

साखरपुड्याच्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं निघालं. घरापुढच्या गल्लीत मंडप, खुर्च्या, गोड भाताचा वास. तेलीबांध्याहून पाहुणे आले. ऋषिकेशची आई मोकळ्या स्वभावाची निघाली. आल्या आल्या स्वयंपाकघरात डोकावून म्हणाली, “बडीची भाजी कुणाच्या हातची? मला शिकवाल का?” कुमुद पदर सावरत म्हणाली, “त्यात शिकासारखं काय हाय बाई, उन्हाचं काम हाय सारं.”

“या तुमच्या कोण?” बाईनं रूपालीला विचारलं.

“हमारी मावशी हैं,” रूपाली म्हणाली. “इन्होंने ही पाला है मुझे. माँ तो मेरी बहुत पहले...”

“हो का. पुण्यवान आहात,” बाई कुमुदला म्हणाली आणि मंडपात गेली.

कुमुद दाराच्या चौकटीशी उभी राहिली, आत नाही आणि बाहेर नाही. विनोदिनीनं औक्षण केलं, ओटी भरली. मग तिनं कापसातून टाक काढला. रूपालीनं त्याला नवी सोन्याची साखळी घेतली होती. ती पोरीच्या गळ्यात घालत विनोदिनी मोठ्यानं म्हणाली, “हे शारदेचं. माय पाठीशी उभी हाय तुया, पोरी.” पाहुण्यांमधल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. रूपालीच्या बोटात अंगठी होती, मापाची. तिनं टाक उचलून ओठांना लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण दोन ओठ मिटून उघडले, आणि तो शब्द कोणता ते कुमुदला दारातूनही कळलं.

तो शब्द तिच्या मायच्या कुडीला म्हटलेला होता. तिच्या दाण्याची कडी त्या साखळीत अडकलेली होती. एवढं तिला मिळालं. तिनं चौकटीचं लाकूड धरलं आणि उभी राहिली.

फोटो काढणारा म्हणाला, “घरवाले सब आ जाओ.” सगळे गेले. कुणीतरी हाक मारली, “कुमुद, ये नं!” ती म्हणाली, “आली, आली. हात धुतो,” आणि हात धुवून मागच्या जिन्यानं वर गेली.

गच्चीवर कमलानं चादर अंथरून ठेवली होती. उडीद सकाळी वाटलेले, कोहळा पिळलेला. खालून हसण्याचा, टाळ्यांचा आवाज येत होता.

“अब्बड़ घाम हे दीदी,” कमला म्हणाली. “आज डारबो त बढ़िया सुखाही.”

“हव, चांगलं ऊन हाय. आज घालूनच टाकू.”

कमलानं तिच्या गळ्याकडं पाहिलं, हाताकडं पाहिलं. “माला अउ मुंदरी, दूनों नोनी ला दे देस?”

“देल्ली पोरीले. अंगठीबी अन् टाकबी.”

“अउ तोर कोती ले? तैं का देस?”

“मी?” कुमुदनं परात जवळ ओढली. “मी काय देणार? तिच्या मायचंच होतं. तिले देल्लं.”

तिनं बोट ओलं केलं, अंगठी फिरवायला दुसरा हात नेला. बोटावर नुसती पांढरी खोलगट खूण होती. तिनं ती थोडा वेळ अंगठ्यानं चोळली. मग हात मनगटापर्यंत पिठात घातला आणि फेटायला लागली. बराच वेळ फेटत राहिली, दंड भरून आला तरी. चिमूटभर गोळा पाण्यात टाकला. तो तळाला गेला आणि सावकाश वर आला.

“झालं,” ती म्हणाली. “घाल आता.”

वर ऊन चढत होतं. दोघी चादरीच्या दोन टोकांना बसल्या आणि रांगा घालत एकमेकींकडं सरकू लागल्या.